आईच्या जबड्याचे हाड

सातारा, १२ जानेवारी

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार. चार महिन्यांत तुला एक ओळही लिहिली नाही, याची मनापासून खंत वाटते. आम्ही सर्व ठीक आहोत. लिहायला बसलो तो आईच्या दातांमुळे. तिची शेवटची दाढ तू लोणावळ्याहून आणलेल्या चिक्कीने गेली, हे ती अजून कौतुकाने सांगते.

पंधरा वर्षे कवळी वापरता वापरता तिच्या जबड्याचे हाड झिजून गेले आहे. दात गेला की चावण्याचा ताण त्या हाडापर्यंत पोहोचत नाही आणि ते हळूहळू विरत जाते. वरच्या दाढांच्या जागी, सायनसखाली (गालामागची हवेची पोकळी), स्कॅनमध्ये जेमतेम ३ मिलिमीटर हाड दिसले. इम्प्लांटला, म्हणजे हाडात बसवायच्या कृत्रिम दाताच्या मुळाला, साधारण ८ ते १० लागते. म्हणून आधी सायनसचा पडदा अलगद उचलून खाली हाड भरायचे, ते मुरेपर्यंत सहा ते नऊ महिने थांबायचे आणि मग टायटॅनियमचे स्क्रू बसवायचे. भाकरी दुधात कुस्करून खाणाऱ्या आईने हे सारे शांतपणे कबूल केले.

संमतिपत्र मी रात्री घरी वाचले. भरायची भुकटी गाईबैलांच्या हाडापासून केलेली, वर झाकायचा पडदा डुकराच्या कोलॅजेन या प्रथिनाचा. भुकटीतला सेंद्रिय अंश काढलेला असतो, फक्त खनिज उरते आणि ती अनेक देशांत वापरतात, हे खरे. पण आईच्या गळ्यात चाळीस वर्षे तुळशीची माळ आहे. तिला न सांगता सही करून टाकावी, असे मला तासभर वाटत राहिले. तेव्हा तू आठवलास. अण्णांना त्यांचा आजार सांगू नये म्हणून मी तुझ्याशी भांडलो, तू सांगितलासच, आणि आपण दिवाळीपर्यंत अबोला धरला. अविनाश, तुझेच बरोबर होते.

सकाळी आईला सांगितले. माळेवर हात ठेवून ती बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "माझेच हाड घ्या." डॉक्टर म्हणतात, खालच्या जबड्याच्या मागून थोडे निघेल, पण दोन्ही बाजूंना पुरणार नाही, कंबरेच्या हाडातून घ्यायचे तर पूर्ण भूल द्यावी लागेल आणि काही आठवडे चालताना दुखेल. तिला तर आषाढात वारीला जायचे आहे. कारखान्यात केलेल्या कॅल्शियम फॉस्फेटचे दाणे तिच्याच थोड्या हाडात मिसळायचे, हा मार्ग मला पटतो; त्यात प्राण्याचे काही नाही. पण माझ्यावरचा तिचा विश्वास त्या संमतिपत्रापासून डळमळला आहे. तुझे ती ऐकते. गुरुवारी डॉक्टरांकडे जायचे आहे, त्याआधी तिला फोन कर.

नेहाचा निकाल आणि घराचे काम कळव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
मधू