दिनूस पत्र : सायकलला दिवसाही दिवा हवा

पुणे,
६ ऑक्टोबर

प्रिय दिनू,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं आणि मन भरून आलं. शाळेला मोटारसायकलऐवजी सायकलने जायचं तू ठरवलंस, नुसतं ठरवलं नाहीस तर फुलेवाडी ते कळे रोज जाऊन-येऊन करायलाही लागलास. साखर आटोक्यात येईल ते येईलच, पण तुझ्या अक्षरातसुद्धा हुरूप दिसतोय. वहिनींना काळजी वाटते असं लिहिलंस, ती रास्तच आहे. पण तू त्यांना दिलेलं उत्तर मला पटलं नाही. 'उजेडात जातो, उजेडात येतो, दिव्याची गरज काय?' या एका वाक्यासाठी हे एवढं मोठं पत्र लिहायला बसलोय.

गरज आहे, दिनू. तुझं सगळं चालवणंच दिवसाचं, म्हणून तुला दिवसाच जास्त आहे. दिवसा आपल्याला सगळं लख्ख दिसतं, त्यामुळे आपणही इतरांना तसेच लख्ख दिसत असू अशी आपली समजूत होते. गाडीच्या काचेमागे बसून बघितलं की ती टिकत नाही.

तुझाच रस्ता घे. बालिंग्याचा पूल ओलांडला की दोन्ही बाजूंना ऊस, मधेच झाडांची सावली, मधेच ऊन. भर उन्हात रस्त्यावर लाखभर लक्स उजेड असतो, दाट झाडाखाली तो काही हजारांवर येतो. उन्हातून येणाऱ्या ड्रायव्हरला सावलीतला भाग आधी काळपटच दिसतो, आणि तू नेमका त्या काळपटात असतोस. करडी पँट, निळा शर्ट, पाठीवर काळी सॅक.

आता सूर्य बघ. सकाळी तू पश्चिमेला निघतोस, तेव्हा सूर्य तुझ्या पाठीशी. संध्याकाळी तू पूर्वेला येतोस, पण तोवर सूर्यही पश्चिमेला गेलेला, म्हणजे पुन्हा तुझ्या पाठीशीच. तुला दोन्ही वेळा सुख. पण समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत दोन्ही वेळा ऊन! तू त्याच्या आणि सूर्याच्या मधे, आणि त्याला दिसते ती तुझी अंधारी बाजू. म्हणून तुझ्या बाबतीत पुढचा दिवासुद्धा मागच्याइतकाच महत्त्वाचा आहे. एरवी मी कुणालाही आधी मागचा घे असं सांगतो. तुला दोन्ही घे म्हणतो.

तू गणिताचा मास्तर, म्हणून हिशेबही देतो. मागून ताशी ८० किलोमीटरने जीप येतेय, तू २० ने चाललायस. म्हणजे ती तुझ्याकडे ६० ने येतेय, सेकंदाला जवळपास १७ मीटर. तिच्या ड्रायव्हरला तू ६० मीटरवर दिसलास तर त्याच्या हातात साडेतीन सेकंद. त्यातला सेकंद-दीड सेकंद 'हे काय आहे' हे उमगण्यातच जातो. २०० मीटरवर दिसलास तर बारा सेकंद. बारा सेकंदांत माणूस मोबाईलवरून डोळे काढतो, समोरून ट्रॅक्टर येतोय हे बघतो, वेग कमी करतो आणि तुला लांबून वळसा घालून जातो. दिवा आपल्याला हे सेकंद मिळवून देतो. अपघात टळेलच अशी हमी कुणी देऊ शकत नाही, पण हे सेकंद मिळणं फार मोठी गोष्ट आहे.

हे नुसतं माझं मत नाही. डेन्मार्कमध्ये ओडेन्स शहरात नोव्हेंबर २००४ ते ऑक्टोबर २००५ असं वर्षभर याचा प्रयोग झाला. ३,८४५ सायकलवाले त्यात होते. त्यांतल्या १,८४५ जणांच्या सायकलींना कायम चालू राहणारे दिवे बसवले, बाकीचे नेहमीसारखे फिरत राहिले. ते दिवे बॅटरीचे नव्हते, आऱ्यांना लावलेल्या चुंबकांवर चालायचे, त्यामुळे चाक फिरलं की दिवा लागलाच. दिवे लावलेल्यांमध्ये इजा झालेल्या अपघातांचं प्रमाण १९ टक्क्यांनी कमी निघालं. मला यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते 'कायम चालू'. बटण दाबायचं की नाही, आज ढग आहेत की ऊन, हा विचारच करायचा नाही.

आपल्याकडेही हा विचार नवा नाही. १ एप्रिल २०१७ पासून नव्या मोटारसायकलींना आणि स्कूटरना इंजिन चालू झालं की हेडलाइट आपोआप लागतो. सुरुवातीला लोक हात हलवून 'लाइट चालू आहे' म्हणून सांगायचे, आठवतं? आता कुणी सांगत नाही. मोटारसायकलला दिवसा दिवा लागतो तर तिच्याहून बारीक आणि हळू जाणाऱ्या सायकलला का नको?

आता दिवा कसा निवडायचा ते. दुकानात गेलास की पहिला आकडा तुझ्या तोंडावर फेकतील तो ल्युमेनचा. त्याला भुलू नकोस. ल्युमेन म्हणजे दिव्यातून सगळीकडे मिळून किती उजेड बाहेर पडतो ते. तुला हवा आहे तो मागच्या गाडीच्या दिशेने जाणारा उजेड, आणि त्याचं माप कँडेला. नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की तेवढंच पाणी लांब जातं, तसं पुढचं भिंग उजेड एका दिशेला गोळा करतं. कँडेलाचा आकडा खोक्यावर क्वचितच असतो, म्हणून भिंग बघायचं. नुसत्या लाल प्लास्टिकच्या टोपणामागे चार एलईडी असतील तर तो दिवा ठेवून दे. अंतर चौपट झालं की उजेड सोळाव्या हिश्श्यावर येतो, हे तुला मी सांगायला नको. ५० मीटरवर झकास दिसणारा दिवा २०० मीटरवर उन्हात विरून जातो तो यामुळेच.

तरी ढोबळ अंदाज हवाच असेल तर मागच्या दिव्याचा दिवसाचा झोत शंभर ल्युमेनच्या आसपास असावा, पुढच्याचा दोन-तीनशे. रात्रीसाठी बनवलेले दहा-वीस ल्युमेनचे मागचे दिवे भर दुपारी असून नसून सारखेच.

दिवसा दिवा लुकलुकता ठेव. डोळ्याच्या कोपऱ्यातून रंग नीट कळत नाही, पण बदल आणि हालचाल चटकन टिपली जाते. ड्रायव्हरची नजर दुसरीकडे असली तरी लुकलुकणं त्याला ओढून घेतं. त्यातही एका ठेक्यात टिक-टिक करणाऱ्यापेक्षा दोन बारीक, एक मोठा अशी अनियमित चाल जास्त लक्ष वेधते. शिवाय झोत क्षणभरच मोठा असल्याने बॅटरीही पुरते. फार जलद थरथरणारा झोत मात्र नको, तो समोरच्याला त्रास देतो आणि काही लोकांना त्याने फिट येऊ शकते. अंधार पडला की लुकलुकणं बंद कर आणि मंद, स्थिर उजेड ठेव. रात्री लुकलुकत्या ठिपक्याचं अंतर जोखणं अवघड जातं.

यावरून तुझ्या भाच्याचं आठवलं. तो स्टुटगार्टहून दिवा आणतो म्हणाला असं लिहिलंस. चांगली पोरं असली तर असं विचारतात. पण त्याला सांग, जर्मनीत सायकलच्या दिव्याने लुकलुकणं कायद्यात बसत नाही, त्यामुळे तिथल्या नियमांत बसणाऱ्या दिव्यांना ती सोयच नसते. पुढचा दिवाही असा घडवलेला असतो की झोत वरून कापला जातो आणि उजेड रस्त्यावर पडतो, समोरच्याच्या डोळ्यांत जात नाही. रात्रीच्या प्रवासाला तो फार उत्तम, आणि माझं मत विचारशील तर आपल्याकडच्या मोटारवाल्यांनाही असा झोत सक्तीचा करावा. पण तुझं काम दिवसाचं आहे. त्याला दुसरं काही आणू दे.

एक गोष्ट दुकानदार सांगणार नाही, ती मी जवळून दाखवतो. तुझ्या सायकलचा सीटखालचा दांडा सरळ उभा नसतो, मागे कललेला असतो. उभ्या रेषेपासून साधारण १७ अंश. त्यावर दिवा सपाट बांधला की दिव्याचं तोंडही तेवढंच खाली वळतं. दिवा जमिनीपासून ८० सेंटिमीटरवर आहे असं धर आणि त्रिकोण काढ : झोताचा मध्य सायकलच्या मागे अडीच-पावणेतीन मीटरवर रस्त्यावर आपटतो. म्हणजे पैसे मोजून घेतलेला सगळा जोर डांबरावर! म्हणून चिमट्याला तिरका ठोकळा किंवा कोन बदलायची सोय आहे का ते आधी बघ. नसेल तर रबराच्या तुकड्याची पाचर मार. मागच्या चाकाकडे उतरणाऱ्या नळीवर बांधलास तर उलटं होतं, दिवा आभाळाकडे बघतो. दिव्याचं तोंड जमिनीला समांतर आणि थेट मागे हवं. रेनकोटचा घोळ किंवा कॅरिअरवरचा डबा त्याच्या आड येत नाही ना तेही पाहा. तुझा डबा मला माहीत आहे, तो नक्की आड येणार. मग दिवा कॅरिअरच्या मागच्या टोकालाच बसव.

पाण्याचं विसरू नकोस. गगनबावड्याच्या बाजूचा पाऊस तुला मी काय सांगावा. खोक्यावर आयपीएक्स ४ लिहिलं असेल तर शिंतोडे सोसतो एवढंच. तुझ्याकडच्या जून-जुलैला ६ किंवा ७ हवा. चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण घट्ट बसतं का ते अंगठ्याने दाबून बघ, बहुतेक दिवे तिथूनच मरतात. आणि चिखलाच्या दिवसांत भिंग रोज पुसायचं. मडगार्ड नसेल तर शाळेत पोचेपर्यंत लाल दिवा तपकिरी झालेला असतो.

बॅटरीबद्दल एवढंच. खोक्यावरचा सगळ्यात मोठा तासांचा आकडा सगळ्यात मंद उजेडाचा असतो. तू दिवसाच्या झोताचा आकडा विचार, आणि तुझ्या दोन्ही फेऱ्या मिळून लागतो त्याच्या दुप्पट वेळ तरी तो चालला पाहिजे. मागचा दिवा विझला तर तुला कळत नाही, कारण तो तुझ्या पाठीमागे आहे. म्हणून संपत आला की एकदम बंद न पडता मंद होऊन तग धरणारा असेल तर तो घे. चहाला थांबलास की मागे वळून एक नजर टाकायची सवय लाव. माझ्या सायकलला मागे दोन आहेत, एक सीटखाली आणि एक हेल्मेटला, ते याचसाठी.

गार्मिनच्या व्हेरियाबद्दल विचारलंस. तो मागचा दिवाच, पण आत रडार असल्यामुळे मागून येणारी गाडी १४० मीटरवरून ओळखून हँडलवर इशारा देतो. वस्तू उत्तम आहे आणि गगनबावड्याच्या सुनसान घाटात तिचा खरा उपयोग. फुलेवाडी नाक्यावर तो सतत ओरडत राहील, आणि त्या पैशांत तुझे पुढचे-मागचे दोन्ही दिवे येऊन वर हेल्मेट येईल. आत्ता नको.

कपड्यांचंही बघ. रात्री चमकणाऱ्या पट्ट्या दिवसा काही कामाच्या नाहीत, त्यांच्यावर हेडलाइट पडला तरच त्या चमकतात. दिवसा उपयोगी पडतो तो फ्लोरोसंट रंग, कारण तो उन्हातले न दिसणारे अतिनील किरण घेऊन दिसणारा रंग बाहेर टाकतो. डेन्मार्कमध्येच पिवळ्या जाकिटाचाही प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१८ साली आले. दुसऱ्याशी धडक होऊन इजा झालेले अपघात जाकीटवाल्यांमध्ये ४७ टक्क्यांनी कमी होते. माहिती लोक स्वतःच देत होते म्हणून अभ्यासकांनी तो आकडा दुरुस्त केला, तरी ३८ उरला. तू मात्र उसातून जातोस, हिरव्यापुढे पोपटी रंग उठून दिसणार नाही. भगवा-नारिंगी घे. आणि काळी सॅक घरी ठेव किंवा तिच्यावर नारिंगी कव्हर चढव.

हे सगळं आत्ताच का लिहितोय ते तुला कळलं असेल. महिन्याभरात साखर कारखाने सुरू होतील आणि कुडित्र्याच्या कारखान्याकडे उसाच्या जोड-ट्रॉल्यांची रांग लागेल. ट्रॉली तुला काही करत नाही, ती आपल्या गतीने जाते. भीती तिच्या मागे कंटाळलेल्याची. तो तिला ओलांडायला उजवीकडे बाहेर येतो, थेट तुझ्या समोर. बाहेर पडण्याआधी तो क्षणभर डोकावतो, मोटार किंवा एसटी येतेय का ते बघतो आणि सुटतो. सायकल तो शोधतच नसतो. त्या क्षणी तुझा पुढचा दिवा लुकलुकत असला पाहिजे, दिनू. आणि तो लागला आहे म्हणून तू निर्धास्तही राहू नकोस, ट्रॉली दिसली की डावीकडे सरकायची तयारी ठेव.

दिवा आणलास की एक कर. रविवारी दुपारी बारा वाजता सायकल रस्त्याकडेला, एका झाडाच्या सावलीत स्टँडवर लाव, दिवा चालू कर आणि अडीचशे पावलं मागे चालत जा. सायकलवर नजर रोखून न बघता जरा बाजूच्या शेताकडे बघ. तरीही दिवा जाणवला तर तो तुझा. नाही जाणवला तर आधी कोन बदल, तरी नाही तर दुकानात परत नेऊन बदलून घे. म्हणून बिल जपून ठेव आणि घेतानाच बदलून देणार का ते विचार. मागचा दिवा दीड-दोन हजारांच्या आत चांगला मिळतो, पुढचा थोडा जास्त. घ्यायच्या आधी फोटो पाठव, मी बघतो. इथे जास्त निवड आहे, तुला तिकडे मनासारखा नाही मिळाला तर दिवाळीला येताना मीच घेऊन येतो. फक्त आकाराने दांड्यावर बसेल का कळायला हवं, तेव्हा सीटखालच्या दांड्याला दोरा गुंडाळून घेर मोजून कळव. आणि कारखाना त्याआधी सुरू झाला तर दिवाळीची वाट बघू नकोस, कुरिअरने मागव.

काकूंना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार आणि पोरांना आशीर्वाद.

तुझा,
मिलिंद