चट्टा काढला, दारू तशीच राहिली

महोदय,

तोंडातला पांढरा चट्टा (ल्युकोप्लाकिया, ज्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो) लेसरने किंवा शस्त्रक्रियेने काढला की रुग्ण तंबाखू सोडतो, ‘थोडीशी’ दारू मात्र चालू ठेवतो. चट्टा परतला की दोष शस्त्रक्रियेला! काढला जातो तो फक्त दिसणारा भाग. भोवतालचे निरोगी भासणारे अस्तरही आतून बिघडलेले असू शकते. दारूतल्या अल्कोहोलपासून तोंडातले जिवाणूसुद्धा ॲसिटाल्डिहाइड हे विषारी रसायन बनवतात. ते लाळेत मिसळून पेशींच्या डीएनएला इजा करते. बिअर असो वा व्हिस्की, अल्कोहोल तेच. तंबाखूही चालू असेल तर कर्करोगाचा धोका कित्येक पटींनी वाढतो.

म्हणून घरी पाठवतानाच्या कागदावर ‘दारू पूर्ण बंद’ असे स्पष्ट लिहावे. रोज भरपूर पिणाऱ्याने मात्र डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी. एकाएकी थांबल्यास फिट येऊ शकते. चट्टा गेला तरी दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी हवीच. घरी भरपूर उजेडात, जीभ स्वच्छ फडक्याने धरून तिच्या दोन्ही कडा आणि खालची जागा पाहावी. लाल डाग, कडकपणा किंवा दोन आठवड्यांत न भरणारी जखम दिसली, तर मलम लावत बसू नये. डॉक्टरांकडून त्या जागेचा छोटा तुकडा काढून तपासून (बायोप्सी) घ्यावा.

– एक मुखरोगतज्ज्ञ