अपुऱ्या रचनेलाही तालमीत जागा हवी

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला समूहगायनावरचा लेख वाचला. लेखकाने जर्मन रचनाकार बाखपर्यंतचा प्रवास आस्थेने मांडला आहे. शेवटी मात्र त्यांनी निकालच देऊन टाकला आहे: चार आवाजांत देवाची नवी स्तुती लिहिण्याचे दिवस सरले, आता जुनंच नीट गावं आणि जपावं. तसलं नवं लिहिणाऱ्यांपैकी मी एक आहे, म्हणून हे पत्र.

बायबलमधली तीन स्तोत्रं मी मराठीत, वाद्यांशिवाय, चार आवाजांसाठी बांधते आहे: १३०वं, ८८वं आणि १५०वं. शब्दरचना माझीच आहे, मूळ अर्थ धरून गाता येईल अशी केलेली. १३०वं झालं. ८८वं शेवटच्या पानावर अडलंय. १५०व्याचा अजून नुसता आराखडा आहे. मी स्वतः कॉयरमध्ये, म्हणजे समूहगायकांच्या गटात, आल्टो गाते, म्हणजे बायकांचा खालचा आवाज. हे सांगणं भाग आहे, कारण माझी बरीचशी मतं तिथून आली आहेत. आल्टोच्या वाट्याला काय येतं ते गाणारीलाच विचारावं. चाल सोप्रानो, म्हणजे बायकांचा वरचा आवाज, घेऊन जाते, पुरुषांचा खालचा आवाज बास पाया धरतो, पुरुषांचा वरचा आवाज टेनर दोन उंच स्वर लावून भाव खाऊन जातो आणि आल्टो मधल्या तीन स्वरांत पानभर उभी असते. रचनाकारांची ही जुनी खोड आहे. थोर रचनाकारही तिच्यातून सुटलेले नाहीत.

१३०व्या स्तोत्राची सुरुवात खोल गर्तेतल्या हाकेने होते. पण खरी अवघड आहे ती सहावी ओळ. पहारेकरी पहाटेची जितकी वाट पाहतात त्याहून अधिक माझा जीव प्रभूची वाट पाहतो, असं म्हणून स्तोत्रकर्ता पहारेकऱ्यांबद्दलचे शब्द तसेच्या तसे पुन्हा म्हणतो. हे दुसरं म्हणणं कसं बांधायचं? मोठ्याने गायलं की ते भाषण वाटतं, हळू गायलं की ठरीव भक्तिभाव होतो. मी स्वर तेच ठेवले, आवाजाची पातळीही तीच ठेवली आणि दुसऱ्या वेळी फक्त बासला गप्प केलं. खालचा आधार निघाला की तीच कॉर्ड, म्हणजे एकत्र लागणारे स्वर, अधांतरी राहते. वाट पाहणं हे मला तसं ऐकू येतं. पहिल्यांदा ओळ सुरू करतात त्या आल्टो. तेवढा पक्षपात मी केला आहे.

कागदावर हे छान दिसत होतं. कॉम्प्युटरवरही छान वाजत होतं, कारण कॉम्प्युटरमधल्या कॉयरला दम लागत नाही. शिवाय तो जन्मभर ‘आ’ एवढंच गातो. तालमीत बास थांबले आणि एकदम टेनर सगळ्यांत खालचा आवाज झाले. आमच्या कॉयरमध्ये टेनर दोनच आहेत. ज्यांना कायम वर चढायची सवय, त्यांच्यावर अचानक सगळा डोलारा आला आणि दोघेही दबून गाऊ लागले. एक हलक्या आवाजाचा बास त्यांच्यात मिसळला तेव्हा कुठे ती जागा उभी राहिली. त्यानंतर टेनरमधल्या थोरल्याने विचारलं, “बाई, इथे श्वास कुठे घ्यायचा?”

या प्रश्नाचं पुस्तकी उत्तर मला पाठ होतं. लांब ओळीत शेजाऱ्या-शेजाऱ्यांनी वेगवेगळ्या ठिकाणी श्वास घ्यावा, म्हणजे ओळ तुटल्यासारखी वाटत नाही. एका आवाजात सहा जण असले तर हे बिनबोभाट होतं. दोघांत एकाने श्वास घेतला की निम्मा टेनर गायब! म्हणून टेनरपुरता एक विराम लिहिला आणि नेमक्या त्याच मात्रेवर आल्टोंना पुढच्या ओळीत आणलं. आता ती फट ऐकू येत नाही. इतकंच नव्हे, आल्टोंचं ते आधी येणं मला मूळ कल्पनेपेक्षा जास्त आवडतं.

दुसरी गोष्ट सुरांची. या स्तोत्रात चार कॉर्डचं एक आवर्तन पाच वेळा येतं: सा-ग-प, मग ध-सा-ग, मग रे-म-ध, मग प-नि-रे, आणि परत सा. पाचव्या आवर्तनाअखेर आम्ही जवळजवळ अर्धा स्वर खाली उतरलेले असायचो. गाणारे बेसूर होते म्हणून नव्हे, चांगले सुरेल होते म्हणून. रे-म-ध शुद्ध जुळायचं तर रे जरा खालचा लागतो. प-नि-रे मध्ये तोच रे किंचित वरचा हवा असतो. आल्टो आधीचा रे धरून पुढच्या कॉर्डमध्ये जातात, बाकीचे त्यांच्याशी जुळवून घेतात आणि सगळा कॉयर एक पायरी खाली येतो. ही पायरी ८१:८० इतक्या प्रमाणाची, म्हणजे अर्ध्या स्वराच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढी. भारतीय संगीतशास्त्राच्या अभ्यासकांना ती प्रमाणश्रुती म्हणून ठाऊक असेल. सोळाव्या शतकात बेनेदेत्ती या इटालियन गणितज्ञाने हे घसरणं उदाहरणासह मांडून ठेवलं आहे. मी एक कॉर्ड बदलली, तो रे लागोपाठ दोन ठिकाणी येऊ दिला नाही आणि कॉयर जागेवर राहू लागला. कॉम्प्युटरने हे मला कधीच सांगितलं नसतं. त्याचा रे ठरलेलाच असतो.

मराठी शब्दांच्या अंत्याक्षरांचा प्रश्नही तालमीतच सुटला. एकटा गायक ‘पहाट’चा ‘ट’ लांबवून ‘अ’वर रेंगाळू शकतो, त्याला कोण विचारणार? पण वीस माणसांपैकी निम्म्यांनी तो तोडला आणि निम्म्यांनी लांबवला तर पत्र्यावर गारा पडल्यासारखं ऐकू येतं. आता प्रत्येक शेवटच्या व्यंजनाखाली कुठल्या मात्रेवर बंद व्हायचं ते लिहिलेलं असतं. लिहायला कंटाळवाणं काम आहे. गाणारे मात्र दुवा देतात.

एवढ्या तपशिलात शिरण्याचं कारण, लेखकाने ज्यांचे गोडवे गायले त्यांनाही हेच करावं लागलं. १७३० साली बाखने लाइपझिगच्या नगर परिषदेला जे निवेदन दिलं त्यात हिशेब आहे: शाळेतली मुलं ५४, पैकी कामाची १७, अजून तयार न झालेली २०, आणि निरुपयोगी १७. एका कॉयरला किमान १२ गाणारे हवेत, १६ असतील तर उत्तम, असंही त्याने लिहिलं. आपण ज्याला अजरामर म्हणतो ते असल्या हिशेबात बसवलेलं होतं. इंग्लंडमध्ये कॅथलिक उपासनेवर बंदी असताना रचनाकार विल्यम बर्डने १५९०च्या दशकात तीन, चार आणि पाच आवाजांसाठी एकेक मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासनेची गायनरचना, छापला, तोही मुखपृष्ठाशिवाय. घराच्या बंद दारांआड चोरून गाणाऱ्यांत तिघेच असले तरी उपासना व्हावी, अशी ती सोय. उलट टोकाला रशियन रचनाकार रखमानिनॉफ. १९१५ साली पहिल्यांदा गायल्या गेलेल्या ‘रात्रभराच्या जागरणा’त एका ठिकाणी बासला इतकं खोल नेलंय की असले बास आणायचे कुठून, असं कंडक्टर दानिलिनने विचारलं. ते मिळाले, कारण स्वतःच्या देशातले आवाज रखमानिनॉफला माहीत होते. कोणासाठी लिहितोय हे तिघांनाही ठाऊक होतं.

आणि जर्मन रचनाकार ब्राम्स. मृत्यू आणि सांत्वनावरच्या त्याच्या ‘जर्मन रेक्विएम’चे पहिले तीनच भाग १८६७च्या डिसेंबरमध्ये व्हिएन्नात सादर झाले. तिसऱ्याच्या शेवटी टिंपनीवाल्याने, म्हणजे मोठे नगारे वाजवणाऱ्याने, एकच स्वर असा बडवला की गाणं बुडालं आणि श्रोत्यांनी नापसंतीचे आवाज काढले. पुढच्या वर्षी ब्रेमेनमध्ये गुड फ्रायडेला सहा भाग झाले. आज सोप्रानोच्या एकल गायनासाठी लोक ज्याची वाट पाहतात तो पाचवा भाग त्यानंतर जोडला गेला, आणि सातही भाग एकत्र ऐकायला मिळाले ते १८६९ साली लाइपझिगला. म्हणजे ज्याला आपण पूर्ण कलाकृती म्हणून पूजतो ती लोकांसमोर अर्धवट आली होती आणि एकदा आपटलीही होती. याच्या उलट स्विस रचनाकार फ्रँक मार्टिन. त्याने दुहेरी कॉयरसाठीचा मिस्सा १९२२ ते १९२६ या काळात लिहिला. हा आपला आणि देवाचा मामला आहे म्हणून कागद ठेवून दिले आणि तो गायला गेला १९६३ साली. मला तो मिस्सा फार आवडतो. पण चाळीस वर्षं कपाटात ठेवूनही रचना अशी निघायची तर मुळात मार्टिनच असावं लागतं.

नवं काही होत नाही हेही खरं नाही. एस्टोनियाच्या आर्व्हो पेर्टने कित्येक वर्षं जवळजवळ गप्प राहून १९७६च्या सुमारास स्वतःची रीत शोधली. एक आवाज पायरी-पायरीने चालतो, दुसरा एकाच कॉर्डच्या तीन स्वरांपलीकडे जात नाही. पुढे शब्दात अक्षरं किती यावरून चाल किती पायऱ्या जाणार हेही त्याने ठरवू दिलं. मी त्याची रीत वापरत नाही. माझ्या हाती ती उसनी वाटते. पण शब्दाला मालक करायचं धैर्य मी तिथून घेतलं.

आता ८८वं. स्तोत्रसंहितेतली विलापगीतं बहुतेक शेवटी आशेकडे वळतात, हे वळत नाही. सगळे जिवलग दूर गेले आणि सोबतीला अंधार, एवढ्यावर ते संपतं. मी शेवटच्या ‘अंधार’मधला ‘धा’ बासच्या खालच्या स्वरावर धरला आहे आणि बाकीचे आवाज एकेक करून काढून घेतले आहेत. तालमीत दोन बायकांनी स्पष्ट सांगितलं की हे गाऊन घरी जाववत नाही, शेवटी एखादी उजळ कॉर्ड द्या. एका बासचं म्हणणं उलट: ज्याच्या घरी नुकतंच दुःख घडलंय त्याला उजळ कॉर्डचा राग येईल. मला बासचं पटतं. तरीही त्या दोघींचा आक्षेप झटकून टाकता येत नाही, कारण हे गाणार त्या आहेत, आणि प्रार्थना म्हणून गाणार आहेत. मैफलीसाठी लिहिणाऱ्याला हा पेच नसतो. श्रोता उठून जाऊ शकतो, प्रार्थनेतला माणूस जात नाही. सध्या मी दोन शेवट लिहून ठेवले आहेत. दुसऱ्यात शेवटच्या ‘र’नंतर आल्टो शब्दाविना एकच स्वर धरतात. ती आशा नाही, पण कोणीतरी अजून तिथे आहे.

लेखकाला नवं ऐकू येत नाही त्याचं कारण मला वेगळंच दिसतं. नव्या रचनेला पहिला श्वास घ्यायलाच जागा नाही. स्पर्धा आहेत, पण अनेक स्पर्धांची अट असते की रचना आधी कुठेही सादर झालेली नसावी. तालमीत गाऊन पाहिली तर चालेल का, असं मी एका स्पर्धेच्या आयोजकांना विचारलं होतं. श्रोत्यांसमोर तालीमही नको, असं उत्तर आलं. म्हणजे ज्या कागदाला कोणाचा आवाज लागला नाही त्याची परीक्षा कागद वाचून. त्यात कॉम्प्युटरवर सुंदर वाजणारी, दोन टेनरवाल्या कॉयरला न झेपणारी रचना जिंकते, एकदा गायली जाते आणि संपते. कॉयर तरी काय करतील? नाताळ आणि ईस्टर अंगावर आलेला असतो, निम्म्यांना नोटेशन वाचता येत नाही, आणि कंडक्टर बहुधा दिवसभराची नोकरी करून आलेला असतो. त्याने अनोळखी बाईचे खाडाखोड केलेले कागद का घ्यावेत?

तरी आपल्या वृत्तपत्रातून कॉयरना माझी विनंती आहे. महिन्यातल्या एका तालमीची शेवटची वीस मिनिटं अपुऱ्या रचनेला द्यावीत. कार्यक्रमात घेण्याचं बंधन नको. प्रत्येक आवाजाचं वेगळं रेकॉर्डिंग रचनाकाराने आठवडाभर आधी पाठवावं, म्हणजे नोटेशन न वाचणाऱ्यांची अडचण होणार नाही. ती जबाबदारी आमची. गाणाऱ्यांनी पेन्सिल आणावी. जिथे दम पुरला नाही, जिथे स्वर सापडला नाही, तिथे नुसती खूण करावी, तिचं कारण लिहिण्याची गरज नाही. रचनाकाराने त्या वीस मिनिटांत तोंड उघडू नये, विशेषतः ‘इथे माझ्या मनात काय होतं’ हे अजिबात सांगू नये. कंडक्टरला वाटलं तर त्याने पाचव्या मिनिटालाही थांबवावं. शेवटी खुणा केलेले कागद रचनाकाराकडे परत द्यावेत.

८८व्या स्तोत्राचे दोन्ही शेवट माझ्याकडे स्वच्छ लिहून तयार आहेत. टेनर दोनच असले तरी चालेल.

आपली,
एक आल्टो