आंबोलीचा सडा पडीक नाही

महोदय,

आंबोलीतील पावसाळी पर्यटनाच्या बातम्या दरवर्षी जूनमध्ये ठळकपणे छापल्या जातात. त्याच दिवसांत तेथील जांभ्या दगडाच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर, आंबोली टोड या छोट्या भेकाची वीण सुरू असते, याची मात्र फारशी कोणाला कल्पना नसते, म्हणून हे पत्र.

जेमतेम अंगठ्याच्या पेराएवढा हा प्राणी मातकट रंगामुळे दगडात बेमालूम मिसळून जातो. रात्री विजेरीच्या झोतात कुशीवरचे वेडेवाकडे पिवळे पट्टे चमकले, तरच तो नजरेस पडतो. वाघाची आठवण करून देणाऱ्या या पट्ट्यांवरूनच एस. डी. बिजू, वरद गिरी या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये त्याचे ‘झँथोफ्रायनी टायगेरिना’ असे नामकरण केले. कोयना टोड हा त्याचा सर्वांत जवळचा भाऊबंद. आंबोली टोडची नोंद धोक्यातील प्रजातींच्या जागतिक यादीत अतिसंकटग्रस्त अशी आहे.

वर्षाला सुमारे ७००० मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या या गावात ओढे-झऱ्यांना तोटा नाही; तरीही हा टोड अंडी घालतो ती सड्यावरच्या उथळ खळग्यांत, पहिल्या सरींचे पाणी साचते तिथे. नर खळग्याच्या काठाशी बसून साद घालतात आणि मादी आली की तिच्या पाठीला बिलगतात. अंडी मोजकीच असतात, साध्या भेकासारखी हजारोंनी नव्हेत. त्या वीतभर पाण्यात मासे नसतात हे पिल्लांच्या पथ्यावर पडते, पण पावसाने ओढ दिली आणि खळगा आटला तर सगळी वीण वाया जाते. अशा वेळी एखाद्या मोटारीचे चाक त्यातून गेले, तर उरतेच काय?

सातबाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे लागवडीस अयोग्य, म्हणून नोंदलेली अशी जमीन वाहनतळासाठी किंवा बांधकामासाठी सहज सुचते, हेच मला सर्वांत जास्त खुपते. वनविभाग, ग्रामपंचायत आणि स्थानिक अभ्यासकांनी विणीचे खळगे असलेले सडे एकत्रितपणे निश्चित करावेत, तेथे वाहने नेण्यास व दगड हलवण्यास मनाई करावी आणि पावसाळ्याच्या आरंभी रात्रीच्या वेळी लगतच्या रस्त्यांवर वेगमर्यादा कसोशीने पाळली जाईल हे पाहावे. येत्या हंगामापूर्वी आपल्या प्रतिनिधीने या प्रश्नाचा पाठपुरावा करावा, ही आग्रहाची विनंती.

– एक वाचक, सावंतवाडी