हेडफोन घेण्याआधी आपलं ओळखीचं गाणं त्यात ऐकून बघा

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

मी सोलापूरचाच, आमच्या भागातल्या भजनी मंडळांची आणि हलगीवाल्यांची रेकॉर्डिंग घरातल्या एका खोलीत करून देतो, नोकरी सांभाळून रात्रीचं करायचं काम आहे हे. आषाढीच्या आधी एका मंडळाचा हरिपाठ रेकॉर्ड केला, चार रात्री बसून मिक्सिंग केलं, म्हणजे प्रत्येक वाद्याचा नि गळ्याचा आवाज कमी-जास्त करून जुळवला, पेनड्राइव्हमध्ये भरून दिला. मंदिरातल्या दोन साध्या बॉक्सवर लावला तर पखवाजाचा घुमाराच गायब! पखवाजाच्या डाव्या बाजूला कणीक लावून जो भरलेला आवाज काढतात ना, तो नाहीच, नुसती वरची टकटक आणि टाळ. पखवाज वाजवणारे आजोबा सत्तरीच्या पुढचे, ते माझ्याजवळ येऊन एवढंच म्हणले, "लेकरा, माझा डावा हात कुठं गेला रे?" त्या रात्री मला झोप लागली नाही.

चूक कुठं झाली ते नंतर कळलं. माझ्याकडचा हेडफोन बेस, म्हणजे खालचा घुमणारा आवाज, वाढवून दाखवणारा होता. त्यात पखवाज जास्तच घुमतोय असं वाटायचं म्हणून मी तो कमी करत गेलो, कमी करत गेलो, आणि जिथं बेस वाढवलेला नाही अशा स्पीकरवर गेल्यावर काहीच उरलं नाही. म्हणजे हेडफोननं मला खोटं सांगितलं आणि त्याच्यावर विश्वास ठेवून मी आजोबांचा हात कापला. हे आपल्याकडं घरी बसून गाणी करणाऱ्या कितीतरी पोरांचं होतंय, म्हणून पत्र लिहितोय.

आपल्या नवी पेठेत जा, कुठल्याही दुकानात हेडफोन मागा, पहिलं वाक्य येतं "सर, बेस एकदम दणदणीत हाय की ओ". खोक्यावर लिहिलेलं असतं २० ते २०,००० हर्ट्झ, म्हणजे किती खालच्या आवाजापासून किती वरच्या आवाजापर्यंत वाजतो ते. आता माणसाचा कानच साधारण तेवढा ऐकतो, आणि स्वस्तातल्या खोक्यावरही तेच लिहिलंय आणि महागातल्यावरही तेच, मग त्या आकड्यावरून काय कळणार? त्या पट्ट्यातला प्रत्येक आवाज किती सारखेपणानं येतो, कुठं फुगतो कुठं बसतो, ते महत्त्वाचं, आणि ते खोक्यावर नसतंय, कानानंच कळतंय. आणि कानाला लावून बघतो म्हणलं की सील फोडता येत नाही म्हणतात. साधी चादर घेताना आपण उलगडून, हात फिरवून, उजेडात धरून बघतो, आणि हजारो रुपयांची वस्तू मात्र न ऐकता घरी न्यायची.

बेस आवडणं चूक आहे असं मी म्हणत नाही. हरमन या स्पीकर-हेडफोन बनवणाऱ्या कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ च्या सुमारास लोकांना वेगवेगळे हेडफोन ऐकवून अभ्यास केला, त्यात बहुतेकांना चांगल्या खोलीत ठेवलेल्या चांगल्या स्पीकरसारखा आवाज आवडला, म्हणजे खालचा आवाज थोडा वाढलेलाच. संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाला फेरी मारताना गाणी ऐकायची असतील तर जो गोड वाटेल तो घ्या, ब्लूटूथ घ्या, काही बिघडत नाही. पण मिक्सिंगला ब्लूटूथ नको म्हणजे नको. आवाज कानापर्यंत यायला सेकंदाचा दहावा-पाचवा भाग सहज उशीर होतो, व्हिडिओ बघताना फोन तो सांभाळून घेतो, पण कोणी हलगी वाजवत असेल आणि त्याला ती कानात उशिरा ऐकू येत असेल तर तो लय सोडणारच. शिवाय सीडीचा आवाज म्हणजे सेकंदाला १४११ किलोबिट माहिती, ब्लूटूथमध्ये ती दाबूनच पाठवावी लागते, सोनीच्या एलडॅक या दाबून पाठवायच्या पद्धतीतसुद्धा जास्तीत जास्त ९९०. कामाला वायरवालाच.

आता बंद पाठीचा की उघड्या पाठीचा, म्हणजे कानावरच्या वाटीची मागची बाजू बंद की जाळीची, यावर पोरं तासन्‌तास वाद घालतात. गाणाऱ्याच्या कानाला रेकॉर्डिंग करताना बंदच लागतो, नाहीतर हेडफोनमधली तंबोरा-पेटी बाहेर येऊन माइकमध्ये शिरते. मिक्सिंगला उघडा चांगला, आवाज डोक्यात कोंडल्यासारखा होत नाही, मोकळा वाटतो, बराच वेळ बसता येतं. पण हा सल्ला शांत खोलीतल्या माणसाचा आहे. आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंनी पॉवरलूम आहेत, दिवसभर खटाखट चालू, उघड्या हेडफोनमध्ये गाण्याबरोबर लूमही ऐकू येतात, म्हणून मी दिवसा बंद वापरतो आणि रात्री लूम थांबल्यावर उघडा. त्यात आपला उन्हाळा. मे महिन्यात पारा ४२-४३ ला गेला की रेक्झिनच्या गाद्या कानाला चिकटतात, घाम येतो, पंखा लावला तर पंख्याचा आवाज. मखमली कापडाच्या गाद्या मिळतात, त्या सुसह्य असतात. गादी फाटली, दबली की बदलायची हेही लक्षात ठेवा, कारण कानाभोवतीची पकड सैल झाली की बेस गळतो आणि तुम्हाला वाटतं हेडफोन बिघडला.

ओहमचं, म्हणजे हेडफोन विजेला किती अडवतो त्या आकड्याचं, नीट बघा. आमच्या ओळखीच्या एका मुलानं पैसे साठवून बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो मागवला, तो ३२, ८० आणि २५० ओहम अशा वेगवेगळ्या प्रकारात येतो, यानं जास्त आकडा म्हणजे जास्त भारी समजून २५० चा घेतला आणि फोनला लावला. आवाज इतका बारीक की तो रडकुंडीला आला. हेडफोन उत्तम होता, फोनमध्ये त्याला ढकलायची ताकद नव्हती. एवढ्या ओहमला चांगला ऑडिओ इंटरफेस (माइक-हेडफोन कॉम्प्युटरला जोडायची पेटी) नाहीतर आवाजाला ताकद देणारा वेगळा अँप लागतो. नुसत्या फोनवर किंवा लॅपटॉपवर काम करणाऱ्यानं ३० ते ८० ओहमच्या आसपासचा घ्यावा.

नावं विचारतात म्हणून सांगतो, मला कोणी पैसे दिलेले नाहीत. सोनीचा एमडीआर ७५०६ हा १९९१ पासूनचा, ६३ ओहम, जगभर स्टुडिओत दिसतो, वरचा आवाज जरा टोचरा आहे, टाळ-झांज लगेच बोचतात, पण तेवढ्यामुळंच रेकॉर्डिंगमधली खरखर, श्वास, माइकला लागलेला हात सगळं पकडलं जातं. ऑडिओ टेक्निकाचा एम ५० एक्स ३८ ओहम, फोनवरही चालतो, बेस थोडा चढता आहे तेवढं ध्यानात ठेवून काम करायचं. आणि सेनहायझरचा एचडी ६००, १९९७ मध्ये आला, ३०० ओहम, उघड्या पाठीचा. गळा, पेटी, व्हायोलिन यांचा जो मधला पट्टा असतो तो त्यात इतका खरा येतो की गाणारा समोर बसलाय असं वाटतं. अगदी खालचा खर्ज त्यात थोडा कमी पडतो, तेव्हा पखवाजासाठी मी स्पीकरवर तपासतोच. सगळ्यात बरोबर असा हेडफोन मला अजून भेटला नाही, आपल्या हेडफोनची खोड कुठली ते ओळखायचं आणि ते ओळखायला महिनाभर रोज त्यातच ओळखीची गाणी ऐकायची.

ऐकून बघायची संधी मिळाली तर काय ऐकायचं? मी स्वतः तीन गोष्टी नेतो. एक तंबोऱ्यावरचं साधं गाणं, त्यात तंबोऱ्याच्या तारा वेगवेगळ्या मोजता येतात का आणि गाणाऱ्याचा 'स' कानात सुईसारखा घुसतो का. दुसरं तबला, डग्ग्यावर मनगट घासून जी मींड काढतात ती सुरात वर चढताना ऐकू येते, की नुसतं 'भूम' होतं. नुसतं 'भूम' झालं तर तो हेडफोन खाली ठेवायचा. तिसरी हलगी, गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांपुढं वाजते तशी, काडी पडल्याची टकटक वेगळी आणि कातड्याचा आवाज वेगळा कळला पाहिजे. आणि हे सगळं कमी आवाजात. मोठ्या आवाजात प्रत्येक हेडफोन भारी वाटतो, कारण आवाज वाढला की कानाला बेस आपोआप जास्त ऐकू येतो, फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलंय.

कानाचं बोलायलाच पाहिजे. माझे वडील पॉवरलूमवर होते. लूमच्या शेडमधला आवाज ९० डेसिबलच्या वर सहज जातो, घरी आले की आम्ही ओरडून बोलायचो आणि शेवटी शेवटी त्यांना माझं गाणंही नीट ऐकू येत नव्हतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते, ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालेल, पण ९० डेसिबल असेल तर आठवड्याला फक्त ४ तास. वडिलांना पोटासाठी तो आवाज ऐकावा लागला, आपली पोरं तो विकत घेऊन कानात घालतायत. गल्लीतल्या गोंगाटावर मात करायला आवाज वाढवू नका, बंद पाठीचा हेडफोन घ्या आणि आवाज खालीच ठेवा.

शेवटी दुकानदारांना विनंती, नवी पेठ असो की जुळे सोलापूर, काउंटरवर एकतरी वायरवाला हेडफोन ऐकायला उघडा ठेवा, पुसायला कापड ठेवा, गिऱ्हाईकाला त्याच्या फोनवरचं गाणं लावू द्या. एक खोकं उघडल्यानं नुकसान होईल अशी भीती असेल तर माझा स्वतःचा ७५०६ मी महिनाभर कुठल्याही दुकानात ठेवायला तयार आहे, फुकट. त्या पखवाजवाल्या आजोबांचं रेकॉर्डिंग मी पुन्हा पहिल्यापासून मिक्स केलंय, तेही सोबत देईन, डावा हात ऐकू येतोय का ते त्यावर तपासता येईल.

आपला,
एक वाचक, सोलापूर