नागपूर वसलं कसं: मित्रास पत्र

प्रिय वसंता,
स. न. वि. वि.

शाळेच्या पोरांना जुनं नागपूर दाखवताना सुरुवात १७०२ पासून, म्हणजे शहर वसलं तिथपासून, करू का, असं विचारलंयस. कर, पण नाव त्याच्या बरंच आधीचं आहे हे आधी सांग. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या देवळीच्या ताम्रपटात, शके ८६२ म्हणजे इ. स. ९४० ला, 'नागपूर-नंदिवर्धन' हा मुलूख आलेला आहे. शहरासाठी ती जागा निवडली ती पुढं देवगडच्या गोंड राजानं, बख्त बुलंद शहानं.

त्याचं देवगड, आजच्या छिंदवाडा जिल्ह्यातलं, डोंगरी ठाणं. लढायला ठीक, पण दाणागोटा सगळा वर चढवायचा आणि पेठ भरवायला सपाट जागा नाही. खाली नाग नदीकाठी बारा वाड्या होत्या, त्यांना राजापूर बारसा म्हणत. सक्करदरा, फुटाळा, हिवरी, भानखेडा, लेंड्रा, सीताबर्डी ही त्यातलीच नावं. पोरं रोज ऑटोवाल्याला तीच सांगतात! त्या जोडून शहर झालं. शेतकरी, कारागीर, व्यापारी बाहेरून आणून वसवले, हिंदू आणि मुसलमान दोन्ही. पुढं मराठ्यांचा कारभार नीट चालला तो याच पायावर, असं नागपूरचा इंग्रज रेसिडेंट (दरबारातला प्रतिनिधी) जेंकिन्स यानं १८२७ च्या अहवालात लिहिलंय.

आपल्याकडं काळीत शेती आणि पांढरीवर, म्हणजे पांढरट मातीच्या जागेवर, घरं, हे पोरांना प्रत्यक्ष दाखव. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर मातीची भिंत घातली की दोनचार वर्षांत तडकते. म्हणून गाव बसवणारा आधी पांढरी बघतो, मग पाणी.

पाण्याचं काम बख्त बुलंदच्या मुलानं, चांद सुलतानानं केलं. नाग पावसाळी नदी. उन्हाळ्यात तिच्या भरवशावर शहर जगत नाही. त्यानं जुम्मा तलाव बांधला, तोच शुक्रवारी तलाव, आता गांधीसागर. राजधानी इथं आणली आणि भोवती तट घातला. जुम्मा दरवाजा म्हणजे आजचं गांधी गेट.

चूक झाली ती टेकडीची. सीताबर्डीच्या दोन्ही टेकड्या तटाबाहेर राहिल्या. मोठीवर तोफ चढवली की शहर तिच्या टप्प्यात. नोव्हेंबर १८१७ ला इंग्रजांची फौज तिथंच ठाण मांडून बसली. नागपूरचे राजे अप्पासाहेब भोसले यांच्या अरब शिपायांनी गावाकडची धाकटी टेकडी घेतलीही, पण ती टिकली नाही. इंग्रजांनी वर किल्ला बांधला तो नंतर. फलकावर लोक भोसल्यांचा किल्ला लिहून मोकळे होतात, तू तसं करू नको बाप्पा.

गांधी गेटपासून सकाळी लवकर निघ, नंतर महाल भागात पाय ठेवायला जागा नसते. तिथून तलाव, मग बर्डी, म्हणजे सीताबर्डी. किल्ला लष्कराकडे आहे. २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला लोकांसाठी उघडतात. तारीख त्याप्रमाणे धर आणि मला कळव.

तुझा,
मधू