घरच्या रेकॉर्डिंगला ब्लूटूथ हेडफोन नको

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

अभंग, भावगीत किंवा कवितावाचन घरीच रेकॉर्ड करणारे आता पुष्कळ झाले आहेत. माइक घेताना दहा जणांना विचारलं जातं. हेडफोन मात्र घरात असेल तो, बहुधा ब्लूटूथचा, कानावर चढतो. ताल बिघडतो तो इथेच.

ब्लूटूथमध्ये आवाज आधी आकुंचित करून पाठवला जातो आणि कानाशी पुन्हा उलगडला जातो. त्यात साधारण १५० ते २५० मिलिसेकंद जातात. द्रुत तीनताल मिनिटाला २४० मात्रांच्या लयीत असेल तर एक मात्राच २५० मिलिसेकंदांची! गायक कानातल्या ठेक्यावर अचूक समेवर आला, तरी फाइलमध्ये तो जवळजवळ मात्राभर मागे पडू शकतो. त्यातून हेडफोनचाच माइक वापरला, तर बहुतेक जोड्या फोन-कॉलच्या पद्धतीवर जातात आणि तानपुराही टेलिफोनवरून आल्यासारखा लागतो.

म्हणून वायरचा, पूर्ण कान झाकणारा आणि मागून बंद कपांचा हेडफोन घ्यावा. मागून उघड्या कपांचा आवाज मोकळा, ऐकायला सुखाचा असतो हे खरं. शांत खोलीत नुसतं ऐकायचं तर फिलिप्स एसएचपी९५०० उत्तम. पण वीतभर अंतरावरच्या माइकमध्ये त्यातला तानपुरा आणि ठेका झिरपतो. पुढे गाणं अर्ध्या स्वराने चढवायचं ठरलं, की गळ्याच्या ट्रॅकमध्ये शिरलेला तानपुराही सोबत चढतो आणि ठेका बदलला तरी जुना मागे कुजबुजत राहतो. तो साफ काढता येत नाही. एकेजी के२४० आणि सुपरलक्स एचडी६६८बी ‘अर्धे उघडे’ म्हणून घेतले जातात, पण माइकसमोर त्यांना उघडेच समजावे.

डब्यावरचं ‘५ हर्ट्झ ते ४० किलोहर्ट्झ’ वाचून हुरळू नये. तो आकडा आवाजाच्या प्रतीबद्दल काही सांगत नाही. बघायचे ते ओहम, म्हणजे हेडफोनचा विद्युत-अवरोध. फोनला लागणारी छोटी यूएसबी-सी जोडपिन साधारण १ व्होल्ट देते असं धरलं, तर ३२ ओहमच्या हेडफोनला ३१ मिलिवॉट मिळतात आणि २५० ओहमच्या हेडफोनला फक्त ४. बायरडायनॅमिक डीटी७७० प्रो ३२, ८० आणि २५० ओहम अशा आवृत्त्यांत मिळतो. स्वस्त पडला म्हणून २५० चा उचलला की ‘आवाजच येत नाही’ ही तक्रार ठरलेली.

बजेट आखडतं असेल तर ऑडिओ-टेक्निका एम२०एक्स (४७ ओहम) पुरतो. थोडं ताणता आलं तर एम४०एक्स (३५ ओहम) घ्यावा, कारण त्याची वायर काढता येते. हेडफोन बहुधा वायरीपायीच मरतात. सोनीचा एमडीआर-७५०६ (६३ ओहम) १९९१पासून चालत आलेला आहे. ‘स’, ‘श’चा फुसकारा तो लगेच पकडतो, म्हणून संपादनाला चांगला. तासन्‌तास ऐकायला मात्र टोचतो.

दुकानात चष्मा लावूनच बघावं. डग्गा घुमणारं ओळखीचं गाणं लावून दोन्ही कप हाताने हलके दाबावेत. दाबल्यावर डग्गा वाढला, तर चष्म्याच्या काडीपाशी फट राहते आहे. मग एखादं जुनं मोनो (दोन्ही बाजूंना एकच आवाज असलेलं) गाणं लावावं: आवाज नेमका डोक्याच्या मधोमध हवा. हेडफोन उलटा घातल्यावर तो दुसऱ्या बाजूला कलला, तर दोन कप सारखे नाहीत, तो परत द्यावा.

नकली चामड्याच्या गाद्या घामाने आणि दमट हवेने सोलवटतात. मुंबई-कोकणात तर लवकरच. सुट्या गाद्या मिळतात का, हे आधीच विचारावं. जाडीला किंवा कापडाला वेगळ्या बसवल्या तर खर्ज बदलतो.

एक गंमतीचा बिघाड: गाण्यातला गळाच गायब आणि मागची वाद्यं पोकळ. फाइल बिघडली म्हणून लोक घाबरतात. दोन्ही कानांची सामाईक परतीची तार तुटली किंवा पिन पुरती आत गेली नाही, की डाव्या-उजव्यातला फरक तेवढा ऐकू येतो, आणि मधोमध असलेला गळा वजा होतो. आधी पिन दाबून, पुसून बघावी. मग तारेला सोल्डरचा डाग मारावा.

गाताना एक कान उघडा ठेवायची सवय असेल, तर त्या बाजूचा आवाज बंद करावा, नाहीतर लोंबता कप माइकला ठेका ऐकवत राहतो.

आपल्या दैनिकात हेडफोनची परीक्षणं येतात तेव्हा बॅटरीचे तास असतात, रंग असतात. त्यांत आवाज किती मिलिसेकंद उशिरा पोचतो, वायर बदलता येते का आणि सुट्या गाद्यांची किंमत काय, एवढं छापावं ही विनंती.

आपला,
एक ध्वनिमुद्रक, डोंबिवली